बिनकाट्याचा मासा

आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात प्रसिद्ध तळं म्हणजे लोणार. अवकाशातून येऊन आदळलेल्या दगडाने पाडलेलं विवर, २०२०च्या जूनमध्ये अचानक गुलाबी झालेलं पाणी, त्याच वर्षी मिळालेला रामसर दर्जा, हे सगळं तुम्ही रीलमध्ये पाहिलं असेल. या तळ्याचं पाणी खारं आणि इतकं अल्कधर्मी आहे की त्यात मासा जगत नाही. त्यामुळे मी बुलढाण्याचा आहे असं सांगून पुढे मासोळीबद्दल बोलायला लागलो की पुण्यातले कोकणी मित्र हसतात. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब, आणि असलेलं एक नावाजलेलं तळं तेही बिनमाशाचं!

पण नकाशा जरा झूम करून बघा. बुलढाणा जिल्हा हा पाणलोटाच्या रेषेवर बसलेला आहे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूचं पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा करत पूर्णेला मिळतं, तिथून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जातं. घाटावरचं पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णेतून गोदावरीत, म्हणजे बंगालच्या उपसागरात जातं. एकाच जिल्ह्यात दोन समुद्रांकडे जाणाऱ्या नद्या आहेत आणि त्यांच्यावर नळगंगा, पेनटाकळी, कोराडी, येळगाव, खडकपूर्णा अशी धरणं आहेत. या पाण्यावर जगणारे भोई आहेत, आठवडी बाजारात मासोळीची ओळ आहे, आणि घराघरांत तिचा काळ्या मसाल्याचा रस्सा आहे. माळकऱ्यांच्या घरात नाही, आणि काही घरांत चूल वेगळी, भांडं वेगळं; पण आहे.

आणि तरीही माझ्या वयाचे बुलढाण्याचे, अकोल्याचे, वाशिमचे बहुतेक जण पुण्या-मुंबईत, बंगळुरात नोकरीला लागल्यावर स्वतःच्या हाताने जो पहिला मासा शिजवतात तो यातला नसतो. तो असतो फ्रीझरमधला पांढरा तुकडा. डोकं नाही, खवले नाहीत, कातडी नाही, काटा नाही आणि जवळजवळ वासही नाही. पाकिटावर लिहिलेलं असतं ‘बासा फिले’. हा तुकडा आपल्या तव्यापर्यंत कसा आला आणि तो येण्याआधी आपल्याकडे काय होतं, याची गोष्ट मला सांगायची आहे. तो नीट शिजवायचा कसा हेही मध्येमध्ये येईलच, कारण त्याचं उत्तर या इतिहासातच आहे.

राजाचा तळलेला मासा

सुरुवात करू ११२९ पासून. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ पूर्ण केला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद याच ग्रंथात आहे, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो जवळचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गो. कृ. श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला.

या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे: कुठला मासा कुठल्या पाण्यात राहतो, त्याला कोणतं आमिष चालतं, गळ कसा टाकायचा. आणि ‘अन्नभोग’ या प्रकरणात मासा शिजवण्याची कृती आहे. ती थोडक्यात अशी. माशाचे तुकडे करा. वास जावा म्हणून त्यांना तेल-मीठ चोळा, हळदीच्या पाण्याने धुवा. मग कापडात गुंडाळून पिळून पाणी काढा. चिंचेच्या कोळात घ्या, वरून गव्हाचं पीठ भुरभुरा आणि तापलेल्या तेलात तांबूस होईपर्यंत तळा. शेवटी सैंधव, वेलदोडा आणि मिरपूड.

जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीची ही कृती आजच्या कुठल्याही फिलेला जशीच्या तशी लागू पडते, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी मसाल्याची नाही, कापडाची आहे. तव्यावर पाणी असेल तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस तांबूस रंग यायला त्याहून बराच जास्त ताव लागतो. ओला तुकडा तव्यावर टाकला की तो भाजला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो आणि मग मोडतो. मुंबईच्या कोळणी ओला बोंबील तळण्याआधी वजनाखाली दाबून ठेवतात तेही याच कारणाने. सोमेश्वराच्या स्वयंपाक्यांना वाफेचं भौतिकशास्त्र शिकवावं लागलं नव्हतं.

लक्षात घ्या, हे दख्खनच्या पठारावरच्या दरबारातलं पुस्तक आहे. मासे खाणं ही किनारपट्टीची मक्तेदारी आहे ही समजूत नंतरची. मराठी पाकपुस्तकांनी ती पक्की करायला हातभार लावला. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं, त्यात मासे भरपूर आहेत, पण ते मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या ताटातले. पठारावर गोड्या पाण्याचा मासा शिजवणाऱ्या बायका पुस्तकं लिहीत नव्हत्या. त्यांच्या कृती सासूकडून सुनेकडे गेल्या किंवा गेल्याच नाहीत.

नावं लिहून घेणारा साहेब

पठारावरच्या माशांची पहिली मोठी शास्त्रीय यादी एका लष्करी अधिकाऱ्याने केली. विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून काही वर्षं मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत फिरत होता. भीमा, मुळा-मुठा या नद्यांतले मासे त्याने पाहिले, त्यांची चित्रं काढून घेतली आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. नवीन जातींना नावं देताना त्याने बऱ्याच ठिकाणी लॅटिन शब्द शोधत बसण्याऐवजी स्थानिक लोक म्हणत ते नावच घेतलं. म्हणून आजही जगभरच्या प्रयोगशाळांत दख्खनच्या महसीरला ‘टॉर खुद्री’, एका शिंगाळ्याला ‘मिस्टस सीन्गटी’, म्हणजे आपली शिंगटी, आणि एका माशाला ‘नुक्ता’ म्हणतात. ‘कोलस’, ‘पोटेल’, ‘मुसल्ला’ हीसुद्धा साइक्सच्याच यादीतली नावं.

ही नावं साइक्सला नदीकाठी मासे धरणाऱ्या माणसांनी सांगितली. त्या माणसांची नावं त्याच्या लेखात नाहीत, पण त्यांचे शब्द जीवशास्त्रात कायमचे बसले. पुढे बासाच्या नावाचं काय झालं हे वाचताना ही गोष्ट आठवणीत ठेवा.

१८६७ मध्ये मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग पूर्ण झाला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही आमची स्टेशनं याच मार्गावर. रेल्वेने वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेला, आणि किनाऱ्यावरचा सुका माल उलट्या दिशेने येणं सोपं झालं. ताजा मासा मात्र बर्फाशिवाय येऊ शकत नव्हता. १८३४ मध्ये मुंबईला बर्फ आला तो थेट अमेरिकेतल्या बोस्टनहून, जहाजात भुशाखाली दाबून, आणि तो श्रीमंतांच्या पेल्यांसाठी होता. त्यामुळे समुद्र आमच्याकडे पोचला तो सुकट, जवळा आणि सुक्या बोंबलाच्या रूपात. आजही आठवडी बाजारात त्यांचे ढीग दिसतात. पावसाळ्यात भाजीपाला महागला की कांद्यात परतलेली सुकट आणि ज्वारीची भाकर हे आमच्या भागातल्या कष्टकरी घरांचं जेवण. वास सगळ्या गल्लीला कळतो, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय यावरून कोण कुठल्या जातीचं हे ओळखणारी नाकंही त्याच गल्लीत असतात.

धरणं आणि बोटुकली

मृगाचा पाऊस पडून ओढे-नाले वाहायला लागले की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, अंडी घालायला. चढणीचे मासे धरायला अख्खं गाव उतरायचं. पण नदीवर भिंत बांधली की चढण संपते. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर, आणि १९७२च्या दुष्काळानंतर तर आणखी वेगाने, धरणं आणि पाझर तलाव बांधले गेले. पाणी वाढलं, पण वाहतं पाणी कमी झालं.

या साचलेल्या पाण्यात कुठला मासा सोडायचा? उत्तर होतं रोहू, कतला, मृगळ. हे मुख्यतः उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे. भराभर वाढतात, मांसाहारी नाहीत, एकमेकांच्या अन्नावर फार गदा आणत नाहीत: कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. अडचण एकच. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पूर आलेली नदी लागते. त्यामुळे बीज नद्यांतून गोळा करून, डब्यांत भरून, रेल्वेने देशभर पाठवावं लागे.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी हा प्रश्न सोडवला. माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क मादीला आणि नराला टोचला, आणि पूर न येताच मासे व्याले. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो यासाठी. आज आमच्या धरणांत जे बोटाएवढं बीज सोडतात, ज्याला सरकारी कागदांत फार सुंदर शब्द आहे ‘मत्स्यबोटुकली’, ते या प्रयोगाचं फळ. भोयांच्या मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, बोटुकली सोडतात, आणि वाढलेला मासा जाळ्यात येतो.

म्हणजे ज्याला आम्ही ‘गावचा मासा’ म्हणतो, तोही बऱ्याच अंशी बाहेरून आणून वसवलेला आहे. चिलापी तर आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली. बासा परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

वायच्या आकाराचा काटा

आता खरा मुद्दा. रोहू, कतला हे कार्प गटातले मासे. त्यांच्या मांसात फासळ्यांशिवाय आणखी एक भानगड असते: मणक्याला न जोडलेले, स्नायूंच्या आत सुटे अडकलेले, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक काटे. ते पाठीच्या आणि शेपटीच्या भागात असतात. फिले काढण्यासाठी मणक्यालगत सुरी फिरवली तरी हे काटे मांसातच राहतात. म्हणून या माशांचं बिनकाट्याचं फिले सहज निघत नाही. काटा काढणं हे खाणाऱ्याच्या बोटांचं आणि जिभेचं काम राहतं, आणि ते लहानपणी आजीच्या ताटात शिकायचं असतं. वसतिगृहात, मेसमध्ये, मग ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाढलेल्या पिढीकडे ती आजी नव्हती.

पण आमच्याच नद्यांत एक मासा असा होता ज्यात हे सुटे काटे फार कमी. मरळ. सापासारखं डोकं, पांढरंशुभ्र, घट्ट मांस. हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून ओल्या टोपल्यात तासन् तास जिवंत राहते आणि बाजारात जिवंतच विकली जाते. आजारातून उठलेल्याला मरळीचा रस्सा द्यायची पद्धत आहे. शेजारच्या तेलंगणाने तर तिला राज्यमासा केलं आहे.

मग धरणांत मरळच का नाही सोडली? कारण ती शिकारी. इतर मासे खाते, प्रसंगी स्वतःची पिल्लंही. कार्पच्या बिजासाठी ती शत्रू. मत्स्यशेतीच्या पाठ्यपुस्तकांत बीज वाढवण्याचं तळं तयार करण्याची पहिली पायरी असते नको असलेले आणि भक्षक मासे काढून टाकणं, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं वापरली गेलेली वस्तू म्हणजे मोहाची पेंड. तिच्यातल्या सॅपोनिनमुळे मासे मरतात, पाणी काही दिवसांनी पुन्हा वापरता येतं. नको असलेल्यांच्या यादीत मरळ ठळकपणे असते. किलोच्या हिशेबात हे बरोबरच होतं. देशाला स्वस्त प्रथिनं हवी होती आणि कार्पने ती दिली. पण आपण पांढऱ्या, कमी काट्यांच्या माशाला बाजूला करून काटेरी माशाची शेती वाढवली, आणि दोन पिढ्यांनी काट्याला घाबरून पांढरा, बिनकाट्याचा मासा परदेशातून मागवायला लागलो, हा क्रम विसरण्यासारखा नाही.

तुकड्याची जगयात्रा

फ्रीझरमधला तुकडा ही अमेरिकन कल्पना. क्लॅरेन्स बर्डझाय हा माणूस १९१२ नंतर काही वर्षं कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये होता. तिथल्या इनुइट लोकांनी पकडलेला मासा उणे तीस-चाळीसच्या थंडीत क्षणात गोठायचा आणि कित्येक महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागायचा. हळू गोठवलं की पाण्याचे मोठे स्फटिक होऊन मांसाच्या पेशी फाटतात, झटकन गोठवलं की स्फटिक बारीक राहतात. एवढी एक गोष्ट ओळखून त्याने १९२०च्या दशकात गोठवण्याची यंत्रं बनवली. १९५३ मध्ये अमेरिकेत आणि १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये गोठलेल्या माशाच्या विटा कापून, पाव-चुरा लावून ‘फिश फिंगर’ आले. मासा कसा दिसतो हे माहीत नसलेली मुलं मासा खायला लागली.

पुढचा टप्पा मेकाँग नदीचा. व्हिएतनाममध्ये पंगॅशियस या शिंगाळ्याच्या गटातल्या माशाची प्रचंड शेती सुरू झाली. तो हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून दाटीत वाढतो, दाणे खातो, सुटे काटे नाहीत. मरळीचे गुण, पण शिकारीपणा वजा. त्याचं फिले इतकं स्वस्त पडलं की अमेरिकेतले कॅटफिश शेतकरी हादरले. २००२च्या कायद्याने त्याला अमेरिकेत ‘कॅटफिश’ म्हणायला बंदी झाली, २००३ मध्ये जादा शुल्क लागलं. मग तो ‘बासा’, ‘ट्रा’, ‘स्वाई’ झाला. ब्रिटनमध्ये ‘रिव्हर कॉबलर’. खरा बासा ही त्याच कुळातली वेगळी जात आहे. भारत आणि आसियान देशांचा वस्तूव्यापार करार २०१० मध्ये लागू झाला. त्यानंतरच्या वर्षांत बासा आपल्याकडच्या हॉटेलांत आणि मग फ्रीझरांत सगळीकडे दिसायला लागला. हा मासा त्याआधीच, १९९०च्या दशकात, बांगलादेशमार्गे आपल्याकडे आला होता आणि आंध्रात त्याची मोठी शेती झाली. कोलकात्यात भेटकीच्या नावावर बासा खपवल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. कातडी आणि डोकं गेलं की कुणाला काहीही नाव देता येतं.

साइक्सने मासे धरणाऱ्यांना विचारून नावं लिहिली. बासाचं नाव व्यापाराच्या भांडणात ठरलं.

मग शिजवायचा कसा

मी हा तुकडा खातो. भाड्याच्या घरात ‘नॉनव्हेज चालणार नाही’ ऐकत राहिलेल्या माणसाला बिनवासाच्या माशाचा उपयोग कळतो, आणि तुम्हालाही कळत असेल. म्हणून तो चांगला शिजवू.

पाकिटावरचं निव्वळ वजन बघा. गोठवलेल्या फिलेवर संरक्षणासाठी बर्फाचा थर देतात, त्यामुळे पाकीट जड लागतं. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या. मग मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि स्वच्छ फडक्यात दाबून कोरडा करा, अगदी सोमेश्वरासारखा. चिंचेचा कोळ किंवा लिंबू, लसूण, तिखट हलक्या हाताने. वरून ज्वारीचं पीठ. रव्यापेक्षा ते पातळ बसतं आणि आमच्या घरात ते संपलेलं नसतं. तवा आधी तापवा, मग तेल, मग मासा. टाकल्यावर तीन मिनिटं हात लावू नका; खालची बाजू तयार झाली की तो स्वतःच सुटतो.

माशाला पाण्यात स्वतःचं वजन पेलावं लागत नाही, म्हणून त्याच्या स्नायूंत चिवट जोडऊती फार कमी असते. मटण शिजवून मऊ करावं लागतं, मासा मुळात मऊच असतो. ६० अंशांच्या आसपास त्याचं काम झालेलं असतं. एक इंच जाडीला एकूण दहा मिनिटं, फिले त्याहून पातळ म्हणून पाच-सहा. पाकळ्या सुटायला लागल्या की उतरवा. रस्सा करायचा असेल तर काळ्या मसाल्याचा रस्सा आधी पूर्ण उकळून घ्या, आच मंद करा, तुकडे सोडा, झाकण ठेवून पाच मिनिटांत गॅस बंद. वाफेवर करायचा तर केळीच्या पानात लसूण-कोथिंबिरीच्या ठेच्यासकट गुंडाळून इडलीपात्रात आठ-दहा मिनिटं.

हे जमलं की पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बाजाराच्या दिवशी मासोळीच्या ओळीत जा. मोठा कतला असेल तर पोटाकडचे तुकडे मागा. तिथे मोठ्या फासळ्या असतात, दिसतात, हाताने निघतात. वायच्या आकाराचे बारीक काटे पाठीकडे आणि शेपटीकडे. काट्याचा सराव नसणाऱ्याने सुरुवात इथून करावी. मरळ दिसली तर ती महाग असेल, तरी घ्या. विळीवर ती साफ करून, मणक्यालगत सोडवून द्यायला सांगितलं तर ओळीतल्या मावशी देतात, आणि तेव्हा तुमच्या हातात पडतो तो आपल्या पाण्यातला पांढरा, बिनकाट्याचा तुकडा. शेजारच्या टोपलीत तुम्हाला न ओळखता येणारे चार बारीक मासे असतील, शिंगट्या, वाम, आणखी कुठले. त्यांना इकडे काय म्हणतात ते विचारा आणि फोनमध्ये मराठीत लिहून ठेवा, सांगणाऱ्या मावशींच्या नावासकट.